गाणारा दगड आणि आपला हात

सज्जनहो, एक साधा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. ज्या वस्तूवर आपले प्रेम आहे, तिला हात लावण्याचा हक्क त्या प्रेमाने मिळतो काय? प्रश्न दिसावयास सोपा. पण आमच्या देवणीच्या मंडळींत हंपीहून घरी येईपर्यंत तो सुटला नाही, म्हणून लिहावयास बसलो.

देवणी हे गाव कर्नाटकाच्या हद्दीजवळचे. इथल्या माणसाला कानडी थोडेफार कळतेच. त्यात हंपीचे अगत्य आपणा वारकऱ्यांना वेगळे. परंपरा असे सांगते की, विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीत नेली, आणि एकनाथमहाराजांचे पणजोबा भानुदासमहाराज यांनी ती परत पंढरीस आणली. तेव्हा हंपीचे विठ्ठलमंदिर एकदा डोळ्यांनी पहावे, अशी आमच्या दिंडीतील एका म्हाताऱ्या माळकरी बुवांची फार दिवसांची इच्छा. त्यांनी कुठे ऐकले होते की, तिथल्या मंडपातले दगडी खांब वाजतात, त्यांतून सूर निघतात. बुवा स्वतः पखवाज वाजविणारे. "दगड गातो म्हणजे काय, हे या बोटांनी पहायचंय," असे ते वाटेत दहादा म्हणाले.

मंदिर भव्य आहे. समोर दगडी रथ, पलीकडे तो महामंडप. पण १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर लुटले गेले. आज गाभारा रिकामा आहे, पूजाअर्चा नाही. बुवा मंडपाकडे निघाले तोच पहारेकरी आडवा आला. "मुट्टबेडी," म्हणाला. हात लावू नका. खांब वाजविण्यास आता बंदी आहे. बुवांचे तोंड उतरले. "माऊली, विठ्ठलाच्या देवळात विठ्ठलाच्या माणसाला बंदी?" एवढेच ते मला म्हणाले आणि पायरीजवळ बसून राहिले.

आता बुवांची बाजू नीट मांडली पाहिजे. वाद्य हे वाजविण्यासाठीच असते. पेटीत कुलूपबंद ठेवलेली वीणा ही नुसते लाकूड आणि भोपळा. ज्या कारागिराने एका अखंड दगडातून मुख्य खांब आणि त्याभोवतीचे सडपातळ खांब कोरून काढले, त्याने ते नुसते पाहण्यासाठी कोरले काय? न वाजविणे हा त्याच्या श्रमांचाच अपमान नव्हे काय? हा पूर्वपक्ष कच्चा नाही.

पण दगड वाजतो कसा, तेही पहा. आतून पोकळ असेल म्हणून वाजतो, अशी पुष्कळांची समजूत. कल्पक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हे खांब न फोडता तपासले, तेव्हा ते भरीव असल्याचे आढळले. दोन्ही टोके घट्ट धरलेली पट्टी टिचकी मारताच थरथरावी, तसा हा बारीक खांब थरथरतो. लांबी-जाडी निराळी की सूर निराळा. म्हणजे सारा सूर मापात आहे. पखवाजाची शाई झिजली तर पुन्हा भरता येते, वीणेची तार तुटली तर नवी लावता येते. खांबाचा टवका उडाला तर तो सूर कोण परत आणणार? आणि बोटाने वाजविणाऱ्याच्या मागून खडा घेऊन वाजविणारा येतोच येतो.

आपल्या काळातही असे शिल्पकार झाले. इटलीच्या सार्डिनिया बेटावर सान स्पेराते गावी पिनुच्चो शोला नावाचा शिल्पी होता. तो २०१६ साली वारला. मोठमोठ्या दगडांत तो खोल, जवळजवळ चिरा पाडी, आणि त्यांवरून हाताने किंवा दगडाच्या तुकड्याने घासले की दगड बोलू लागे. अमेरिकेत हॅरी बर्टोया (१९१५–१९७८) याने धातूच्या उभ्या काड्यांची शिल्पे केली. हाताने हलविली की काड्या एकमेकींवर आपटून घंटेसारखा नाद उठे. ही शिल्पे हात लागावा म्हणूनच घडविलेली. तरी बर्टोयाच्या कित्येक शिल्पांना संग्रहालयांत आज हात लावू देत नाहीत. तेव्हा ही अडचण एकट्या हंपीची नव्हे. वाजविले तर झिजते, न वाजविले तर मुके होते.

मग निवाडा कसा करावा? याचे उत्तर आपल्या सप्ताहात आहे, असे मला वाटते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. ती कुणा एकाची नसते, सगळ्या गावाची असते. पण म्हणून येणारा-जाणारा तिची तार छेडीत नाही. ज्याचा पहारा लागला, तो आधी घेणाऱ्या-देणाऱ्याच्या पाया पडतो, मग वीणा गळ्यात घेतो, आणि पहारा संपेपर्यंत बसत नाही. मध्यरात्री दोन वाजता मंडपात चार माणसे असली तरी तो उभाच. हात लावण्याचा अधिकार त्याला प्रेमाने मिळाला नाही. प्रेम तर सर्वांनाच आहे. तो मिळाला जपणुकीचा भार घेतल्याने. बाकीचे सारे ऐकतात, आणि ऐकणाऱ्याला कुणी उणा वारकरी म्हणत नाही.

तेव्हा हात दोन प्रकारचे. एक म्हणतो, "वाजते का पाहू." दुसरा म्हणतो, "हे माझ्या हातून पडता कामा नये." पहिल्याला कौतुक हवे असते, आणि त्याला आपण भक्तीचे नाव देतो.

हे मी बुवांना सोलापूरच्या गाडीत सांगितले. ते लगेच पटले असे नाही. "मग पंढरीत पायांवर डोकं ठेवतो ते काय?" असे त्यांनी विचारले, आणि तो सवाल माझ्याही वर्मी लागला. २०२४ साली मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या कामासाठी पदस्पर्शदर्शन काही काळ बंद होते, तेव्हा दुरूनच दर्शन घेऊन परतताना मीसुद्धा कुरकुरलो होतो. दुसऱ्याला उपदेश करणे किती सोपे! पायांवर डोके ठेवणे ही मागणी नव्हे, ते अर्पण आहे, हे खरे. पण देवाची मूर्तीही दगडाचीच आहे, आणि आपल्यामागे पुष्कळ पिढ्या दर्शनाला यावयाच्या आहेत. त्यांची डोकी टेकण्याची जागा राखणे, हाही पायांवर डोके ठेवण्याचाच एक प्रकार समजावा.

एक खंत मात्र राहते, ती लपवीत नाही. बुवांनी तो सूर ऐकला नाही. जाणत्या हाताने नेमून दिलेल्या दिवशी एखादा खांब हळुवार वाजवावा आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी सोय कुणी केली तर बरे होईल. तोवर न ऐकताच परतणे आले.

देवणीला पोचलो त्या रात्री भजन होते. बुवांनी पखवाज पुढे ओढला, शाईवरून एकदा हात फिरविला आणि वाजविण्यापूर्वी त्याला नमस्कार केला. नमस्कार ते नेहमीच करीत. त्या रात्री जरा वेळ लागला, एवढेच.

रामकृष्णहरि!