मधला रस्ता कोणाचा?

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६



आजच्या श्लोकाचा भावार्थ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतो. ज्याच्यापासून सगळे जीव निर्माण झाले आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा आपल्या वाट्याला आलेल्या कामाने करायची. त्यातूनच माणसाला सिद्धी मिळते. माउलींनी ज्ञानेश्वरीत इथे आपल्या कर्मालाच फुलांची उपमा दिली आहे. वाचायला फार गोड वाटतं. पण या श्लोकातला 'सगळं' हा शब्द मला कित्येक वर्षं दिसलाच नव्हता. तो दिसला रांजणगावात, आणि तेही लाज वाटावी अशा प्रसंगातून.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी माझं काम एका खुर्चीत बसून होत नाही. रांजणगाव एमआयडीसीतल्या काही छोट्या कारखान्यांचं बिलिंग आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आठवड्यातले तीन दिवस कारेगावात खोली घेऊन राहतो आणि एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे सायकलने जातो. पाठीवर लॅपटॉप, शेजारून जाणारे कंटेनर, आणि गेटवर सिक्युरिटीवाल्याचा ठरलेला प्रश्न, "इंजिनिअर साहेब कुठंयत?" मीच तो, हे त्याला पटायला वेळ लागतो. असो.

त्या दिवशी संकष्टी होती. महागणपतीच्या दर्शनाला रांग मोठी होती आणि मी रांगेत उभा होतो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी एका क्लायंटचा फोन आला. सिस्टिम अडकली होती, ई-वे बिल निघत नव्हतं, माल भरलेला टेम्पो गेटवर उभा होता. मी काय म्हणालो असेन? आपण सगळेच जे म्हणतो तेच. "निघालोय सर, रस्त्यातच आहे. पाच मिनिटांत पोचतो."

आता हिशोब बघा. माझी सायकल ताशी पंधरा किलोमीटर धावते, म्हणजे पाच मिनिटांत सव्वा किलोमीटर. कारखाना होता पाच किलोमीटरवर आणि माझी रांग संपायला अजून अर्धा तास होता. हे आकडे मला फोन ठेवायच्या आतच कळत होते. मी पोचलो दोन वाजून पाच मिनिटांनी. काम दहा मिनिटांचंच होतं. बिल निघालं, सुपरवायझर काही बोलला नाही. बोलला तो टेम्पोचा ड्रायव्हर, आणि तोही रागाने नाही. "साहेब, पाच मिनिटं म्हनला म्हणून जेवायला गेलो नाय. आता थांबता येत नाही, चाकणला गेट बंद व्हायच्या आत पोचायचंय." पहाटे पाचला तो घरून निघाला होता.

संकष्टीचा उपास माझा होता. घडला मात्र त्याला.

रात्री खोलीवर आल्यावर मनाने वकिली सुरू केली. देवासाठीच तर थांबलो होतो! त्रिपुरासुराशी लढण्याआधी खुद्द शंकरांनी इथे गणपतीची आराधना केली, अशी या क्षेत्राची कथा आहे. आधी दर्शन, मग काम. यात चुकलं काय? थोड्या वेळाने लक्षात आलं की शंकरांनी आराधना जरूर केली, पण "मी रणांगणावर पोचलोच आहे" असं कुणाला कळवलं नव्हतं. चूक दर्शनात नव्हती, फोनवरच्या त्या एका वाक्यात होती.

मग मला डबेवाले आठवले. मुंबईचे डबेवाले बहुतांश आपल्याच पुणे जिल्ह्यातले. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, म्हणजे शिरूरच्या शेजारपाजारचीच माणसं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. सकाळी घरोघरून डबे गोळा करायचे, सायकलवर लटकवून स्टेशन गाठायचं, झाकणावरच्या रंगीत खुणांवरून वाटणी करायची, लोकलने पुढे न्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी ज्याचा डबा त्याच्या ऑफिसात पोचवायचा. वाटेत एक डबा अनेक हातांतून जातो. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये यावर केस स्टडी केला. आम्ही इंजिनिअर मंडळी त्या खुणांच्या पद्धतीचं कौतुक करतो. मला मात्र त्या रात्री दुसरंच काही दिसलं. डबेवाला स्वयंपाक करत नाही आणि जेवणारही दुसराच असतो. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त मधला रस्ता. त्याचं सगळं स्वकर्म त्या रस्त्यातच आहे.

मी नेमका तोच भाग काढून टाकला होता. क्लायंटसमोर मी प्रामाणिक असतो, तासाचे पैसे तासाचेच लावतो. देवळात मी भाविक असतो. पण या दोन ठिकाणांच्या मधला वेळ मला कुणाचाच वाटायचा नाही. तिथे कुणी बघत नाही, म्हणून तिथे पाच मिनिटं म्हणजे काहीही. ज्याने सगळं व्यापलंय त्याने देऊळ ते कारखाना हा पाच किलोमीटरचा पट्टा तेवढा सोडलाय का? श्लोक खरा मानायचा तर रस्ताही त्याचाच. आणि गेटवर ताटकळणारा ड्रायव्हरही त्याचाच.

कुणी म्हणेल, एवढ्याशा खोट्याचं काय घेऊन बसलास? सगळ्यांनाच माहीत असतं की पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास. मीही असंच म्हणायचो. पण ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. त्याने माझा शब्द खरा धरला आणि त्यावर आपलं जेवण सोडलं. वेळेबद्दल खोटं बोलताना आपण समोरच्याचा नुसता वेळ घेत नाही, त्याचा निर्णय घेतो. खरं कळलं असतं तर तो सुखाने जेवून आला असता. मला उशीर झाला असता तो तेवढाच, पण उपाशी कुणी राहिलं नसतं.

यात भक्ती सोडायची असंही नाही. डबेवाल्यांमध्ये वारकरी पुष्कळ आहेत. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास गावच्या यात्रांसाठी ते काही दिवस सुट्टी घेतात आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकांना ती आधीच जाहीर करतात. लोक त्या दिवसांत आपली दुसरी सोय बघतात. देवाला दिलेला वेळ उघडपणे दिलेला, लपवाछपवी नाही. माझं दर्शन मात्र एका खोट्याच्या आड लपलेलं होतं. ज्या दर्शनाविषयी क्लायंटला खरं सांगायची हिंमत होत नाही, त्यात भक्ती किती आणि सोय किती, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

यानंतरच्या एका संकष्टीला तसाच फोन आला, दुसऱ्या क्लायंटचा. मी म्हणालो, "सर, देवळात रांगेत आहे. पाऊण तास लागेल. चालत नसेल तर आत्ता रांग सोडतो, पंचवीस मिनिटांत येतो." ते चिडले, "राहू द्या, दुसऱ्याला बोलावतो" म्हणाले आणि खरोखरच बोलावलं. तेव्हापासून त्यांचे फोन कमी झालेत. खरं बोललं की सगळं छान होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं तर त्यात नुकसान झालं. पण त्या दिवशी कुणी माझ्या शब्दावर भरवसा ठेवून उपाशी बसलं नाही, एवढं नक्की.

त्या ड्रायव्हरची पुन्हा गाठ पडली नाही. माफी मागायची राहून गेली आहे.

आजचा अभ्यास छोटासा आहे. "निघालोय" हा शब्द निघाल्यावरच उच्चारायचा. दिवसभर करून बघा, किती वेळा जीभ अडखळते ते मोजा. माझी अजूनही अडखळते.

राम कृष्ण हरी. गणपती बाप्पा मोरया!