घरपट्टीतला गोठलेला आकडा

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकांच्या अंदाजपत्रकांच्या बातम्या येतात आणि 'मिळकतकरात वाढ नाही' हा मथळा त्यांत बहुधा असतोच. आयुक्तांनी वाढ सुचवलेली असते, स्थायी समितीने ती फेटाळलेली असते, सगळे पक्ष त्याचे श्रेय घेतात आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. पण कर म्हणजे मूल्य गुणिले दर. सभागृहात भांडण होते ते दरावर. मूल्य ठरते कर आकारणी विभागात, मिळकतीची पहिली नोंद होताना, आणि कित्येक शहरांत ते पुढे दशकानुदशके जागचे हलत नाही. घरपट्टीच्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय या न हलणाऱ्या मूल्यात आहे. त्याची किंमत शहरात उशिरा आलेले, कडेला राहणारे, कर्ज काढून छोटे घर घेतलेले लोक मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी दराचे पाहू. राज्यातल्या मुंबईखेरीजच्या महापालिका 1949 च्या कायद्याखाली चालतात. पूर्वी त्याचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होते, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा. 1949 च्या कायद्याप्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर सर्वसाधारण सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. बिलाच्या तळाशी आपण जी एक रक्कम पाहतो ती पाच-सात करांची बेरीज असते: सर्वसाधारण कर, पाण्याशी संबंधित कर, मलनिःसारण, सफाई, अग्निशमन, वृक्ष उपकर. शिवाय शिक्षण उपकर, आणि बिगरनिवासी मिळकतींना रोजगार हमी उपकर. हे दोन महापालिका फक्त गोळा करते, पैसा राज्य सरकारचा. यांतले बहुतेक कर एकाच मूल्याच्या टक्केवारीत असतात. ते मूल्य चुकले की सगळी बेरीज चुकते.

हे मूल्य काढण्याची जुनी रीत भाड्याची. ही मिळकत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी अपेक्षेने किती भाडे येईल, हे धरायचे. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरेल ते करयोग्य मूल्य. घरात मालक स्वतः राहत असला तरी हिशेब अशा अपेक्षित भाड्याचाच. ही कल्पना इंग्रजांच्या कायद्यातून आपल्याकडे आली आणि 1888 च्या मुंबईला ती शोभतही होती, कारण तेव्हा शहरातली बहुसंख्य माणसे भाडेकरूच होती. घराचे भाडे काय, हे गल्लीत सर्वांना ठाऊक असे.

मग भाडेनियंत्रण आले. मुंबईच्या 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधली. युद्धाने आणि फाळणीने माणसांनी भरून गेलेल्या शहरात गरीब भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यक होते, त्याबद्दल दुमत असू नये. पण करयोग्य मूल्य भाड्यालाच बांधलेले असल्याने भाड्याबरोबर महापालिकेचे उत्पन्नही गोठले. दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ठरवले की, जिथे भाडेनियंत्रण लागू आहे तिथे करासाठी कायद्याने बांधून दिलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त भाडे धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सरळ आहे: जे भाडे मालक घेऊच शकत नाही ते त्याला मिळते असे कसे मानायचे? परिणाम मात्र शहरभर उमटला. दक्षिण मुंबईतल्या समुद्राकाठच्या जुन्या इमारतींचा कर किरकोळ राहिला, आणि पालिकेचा भार बोरिवली-मुलुंडकडे नव्या सोसायट्यांत घर घेणाऱ्या नोकरदारांवर सरकत गेला.

इंग्लंडने ही भाड्याची रीत घरांसाठी 1990 मध्ये सोडली. 1993 पासून तिथे घराच्या किमतीवर आधारलेला कर आहे, पण ती किंमत आजही 1 एप्रिल 1991 ची धरली जाते, कारण फेरमूल्यांकनाला हात घालायला कोणतेही सरकार धजावलेले नाही. तेव्हा हा रोग आपल्याच राज्यकर्त्यांचा आहे असे नाही. मूल्य हलवले की ज्यांचा कर वाढतो ते मोर्चा काढतात. ज्यांचा कमी होतो ते घरी बसतात.

मुंबईने भाड्याचा पाया सोडून 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याचा पाया घेतला. त्याची कृती अशी: मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरमधला त्या विभागाचा दर घ्यायचा आणि त्याला घराच्या क्षेत्रफळाने गुणायचे. मग घराचा वापर निवासी की व्यापारी, बांधकाम कोणत्या प्रकारचे, इमारतीचे वय किती, मजला कितवा, यांचे भारांक लावायचे. येणाऱ्या भांडवली मूल्यावर कराचा दर. मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचे. पहिल्या बदलात निवासी घराचा कर दुपटीपेक्षा आणि बिगरनिवासी मिळकतीचा तिपटीपेक्षा जास्त वाढू नये, अशी मर्यादाही कायद्यात घातली गेली.

ही पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा निःसंशय चांगली आहे. भारांकांवर वाद घालता येतो, पण ते छापलेले आहेत आणि कुणालाही वाचता येतात. तरी तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे, रेडी रेकनर हे मुद्रांक शुल्क चुकवले जाऊ नये म्हणून नोंदणी विभागाने तयार केलेले कोष्टक आहे. ते एका विभागाला एक दर लावते. त्याच विभागात टॉवरही असतो आणि मोडकळीला आलेली चाळही. दुसरी अडचण न्यायालयात गेली. जमिनीवर आज जे उभे आहे त्याखेरीज उद्या तिथे किती बांधता येईल, हेही पालिकेच्या नियमांनी मूल्यात धरले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे अमान्य केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मूल्य आजच्या मिळकतीचे, संभाव्य इमारतीचे नव्हे. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याने बांधलेच नाही त्याच्याकडून न बांधलेल्या मजल्यांचा कर मागणे म्हणजे त्याला घर विकायला भाग पाडणे आहे.

पुण्यात अजून भाड्याचाच पाया आहे, आणि गोठलेला आकडा काय करतो ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. भागाभागासाठी चौरस फुटाचा भाडेदर ठरलेला असतो, आणि आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा दर मिळकतीला चिकटतो. नव्या मिळकतींना नवा, चढा दर, जुन्यांना जुनाच. उदाहरणापुरते आकडे घेऊ. 600 चौरस फुटांचे घर, महिना चौरस फुटाला 2 रुपये दर: वर्षाचे भाडे 14,400. स्वतः राहत असल्याची 40 टक्के सवलत वजा जाता 8,640, दुरुस्तीचे दहा टक्के काढून 7,776. सर्व कर मिळून 45 टक्के धरले, तर बिल सुमारे 3,500 रुपये. आता तेवढेच घर, पण आकारणी जुनी, दर 50 पैसे: बिल सुमारे 875. क्षेत्रफळ सारखे, सवलती सारख्या, कराचा दर सारखा. दुसरे घर डेक्कनच्या पिंपळांखाली असेल आणि बाजारात त्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट असेल, तरी कर पावपट. सभागृहाने दहा वर्षे 'वाढ नाही' असा ठराव केला, तर या दोन बिलांतली तफावत दहा वर्षे तशीच राहते.

शहरात नव्याने आलेल्या गावांची स्थिती याहून कठीण आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. कायद्यात अशा गावांसाठी कर टप्प्याटप्प्याने चढवण्याची सोय आहे, पण चढून तो पोचतो नव्या दरावर. ज्यांच्या दारात अजून टँकर येतो त्यांचा चौरस फुटाचा दर, नळाला दोन वेळा पाणी असलेल्या जुन्या भागाहून जास्त कसा, या प्रश्नाला कर विभागाकडे एकच उत्तर आहे: तुमची नोंद नंतर झाली.

आता सवलतींबद्दल, कारण मूल्याला आतून पोखरण्याचे काम त्याही करतात. पुण्यातली 40 टक्के सवलत महापालिकेच्या 1970 च्या ठरावातून आली. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला, राज्य सरकारने ती काढली, हजारो घरमालकांना फरकाची बिले गेली, आणि 2023 मध्ये सरकारनेच ती पुन्हा दिली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे. लहान घरात राहणाऱ्यांवर भार कमी असावा हे मलाही मान्य आहे. पण 500 चौरस फूट दादरमध्ये आणि 500 चौरस फूट मानखुर्दमध्ये म्हणजे सारखी ऐपत नव्हे, आणि पूर्ण माफी मिळालेला नागरिक पालिकेला जाब विचारण्याचा एक हक्काचा आधार गमावतो. त्याऐवजी अल्प कर घ्यावा आणि प्रत्येक सवलतीमुळे किती रुपये सोडले, याची वेगळी ओळ अंदाजपत्रकात छापावी. दंडमाफीच्या अभय योजनांनाही हेच लागू आहे. थकबाकीवर महिना दोन टक्के दंड लावायचा आणि नंतर तो माफ करायचा, यात वेळेवर भरणाऱ्याची फसवणूक होते.

फेरआकारणीविरुद्धचा एक आक्षेप गंभीर आहे, तो टाळून चालणार नाही. जुन्या घरात राहणारी, निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध बाई. तिच्या घराची किंमत वाढली, पण तिच्या हातात पैसा आला नाही. मूल्याबरोबर कर चढवला तर ती भरणार कशातून? हा प्रश्न खरा आहे. त्याला उपायही आहेत: एका वर्षातली वाढ मर्यादित ठेवणे, उत्पन्न पाहून सवलत देणे, वाढीव रक्कम घर विकले जाईपर्यंत किंवा वारसांकडे जाईपर्यंत बिनदंड पुढे ढकलणे. यांतला कोणताही उपाय त्या बाईला वाचवतो आणि तिच्या शेजारचा, तीन सदनिका भाड्याने देणारा मालक मात्र पूर्ण कर भरतो. सरसकट गोठवणे दोघांना एकच फायदा देते, आणि तो ज्याची मिळकत मोठी त्याला जास्त मिळतो. वृद्धेला पुढे करून मोठ्या मिळकतींचे रक्षण करणे हा आपल्या नगरराजकारणातला जुना दोष आहे.

आणि शहरांना पैसा तर लागणारच. जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी येताच संपली. त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, पण ती मंत्रालयातून येते. महापालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेला मोठा कर म्हणजे मालमत्ता कर. पंधराव्या वित्त आयोगाने म्हणूनच शहरांच्या अनुदानासाठी अट घातली की, राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीबरोबर वाढत राहावी. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत बंगळूर आणि जयपूर यांची वसुली संभाव्य उत्पन्नाच्या 5 ते 20 टक्क्यांपलीकडे नसल्याचा अंदाज दिला होता. आपली शहरे याहून फार वेगळी असतील असे मानायला मला कारण दिसत नाही. त्यात मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ करांचे निर्णय प्रशासकांच्या सहीने झाले. घरावर कर बसवणाऱ्याला मतदाराने निवडून दिलेले असावे, ही किमान अपेक्षाही तेव्हा पाळली गेली नाही.

यातली सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की फेरआकारणीसाठी नवा कायदा करण्याची गरजच नाही. महापालिका कायद्यात दर चार वर्षांतून निदान एकदा नवे आकारणी पुस्तक तयार करण्याचे बंधन आहे. नगरपालिकांच्या 1965 च्या कायद्यातही चार वर्षांनी नवी आकारणी यादी करायची असते. पुस्तक नवे होते. त्यात जुन्याच आकड्यांची नक्कल होते. मूल्य न बदलता वही बदलली, तरी कागदावर कायदा पाळला गेला असे मानले जाते. लेखापरीक्षणात तरी या नकलेवर बोट ठेवले जायला हवे.

हे पुस्तक गोपनीय नाही. आपल्या मिळकतीची नोंद मालकाला विनामूल्य पाहता येते, आणि शुल्क भरून दुसऱ्याच्या मिळकतीचीही पाहता येते, ही तरतूद मुंबईच्या जुन्या कायद्यातच आहे. ती वापरणारे मात्र फार थोडे. आपल्या आकारणीवर हरकत घेणारा नागरिक 'माझा कर जास्त आहे' एवढेच म्हणतो. शेजारच्या वॉर्डातल्या, तशाच क्षेत्रफळाच्या, तशाच वापराच्या मिळकतीची नोंद समोर ठेवून 'हा आकडा इतका कमी का?' असे विचारणारा क्वचितच भेटतो. गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनी आणि वॉर्डातल्या नागरिक गटांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. प्रत्येक मिळकतीचे क्षेत्रफळ, आकारणीचे वर्ष, लावलेला भाडेदर किंवा भारांक आणि दिलेली सवलत, मालकाचे नाव वगळून, महापालिकेने संकेतस्थळावर टाकावी, अशी मागणी त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे लेखी करावी. आणि ही मागणी 20 फेब्रुवारीच्या आत करावी, कारण त्यानंतर त्या वर्षीच्या दरांची चर्चा संपलेली असते.