शिकलगारांची कानस

"तीन वर्षं कळ काढ," मी म्हणालो. "वीस भरली की स्वेच्छानिवृत्ती घे. पेन्शन तरी पदरात पडेल. 2010च्या एप्रिलआधी बँकेत लागलीस म्हणून मिळते आहे; नंतर आलेल्यांना ती जुनी पेन्शन नाहीच."

"चाचा बहात्तरचे आहेत, मामा. तीन वर्षांनी त्यांची नजर राहील?"

भाची दोन वर्षं दर रविवारी मिरजेत या चाचांकडे तंबोऱ्याची जवारी काढायला शिकते आहे. घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की छेडलेली तार त्याला जेमतेम चाटत राहील आणि आवाजाला झणकार येईल. केसभर जास्त घासलं की बिघडलं.

नोकरी सोडायचं बोलताना 'कम्फर्ट झोन' हा शब्द तिनं एकदाही काढला नाही, हे बरं झालं. संध्याकाळी बँकेतून परतताना तिचा चेहरा पाहिलेला कुणीही त्या टेबलाला सुखाची जागा म्हणणार नाही. पण पगार एक तारखेला होतो, आणि सासरी तिची ओळख 'बँकेतली' अशी करून देतात.

"मिरजेचे हे कारागीरही मूळचे शिकलगारच ना?" ती म्हणाली. "तलवारींना धार लावणारे. फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला घेतले. त्यांना कुणी म्हणालं असेल का, तीन वर्षं थांबा?"

"म्हणायची गरजच नव्हती. हत्यारांचं गिऱ्हाईक आटलं होतं. त्यांनी धंदा सोडला नाही, धंद्यानं त्यांना सोडलं. तू त्यांचं नाव घेतेस आणि चालतेस उलटी! आज गाणाऱ्याच्या खिशात तंबोऱ्याचं ॲप असतं. गिऱ्हाईक निघून चाललेल्या दुकानात तू शिरते आहेस."

"2024मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं."

"मानांकन नक्कल करणाऱ्याला अडवतं. गिऱ्हाईक आणून देत नाही."

ती हसली. "आणि माझ्या काउंटरवर कोण येतं, मामा? लोक भाजीचे पैसेसुद्धा फोनवरून देतात. परवा दुपारभर एक पासबुक भरून घ्यायला आलेले आजोबा, तेवढेच. माझं गिऱ्हाईक गेलं की नाही, हे मला कोण सांगणार? पगार होतोय तोवर ते कळतही नाही. शिकलगारांना निदान कळलं तरी."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे ते असायचं कारणही नाही. तरी एक कावा सुचलाच.

"चाचा जवारी कशी काढतात? एकदम घासून मोकळे होतात का? थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं. मग तूही बिनपगारी रजा घे. सहा महिने बस त्यांच्याजवळ."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ऐकायचं तर तार पुरती ताणावी लागते. रजेवर असताना ती सैलच राहील. काम चुकलं तरी जूनमध्ये बँक आहेच, हे हाताला ठाऊक असेल."

"ठाऊक असू दे की. भीतीनंही हात कापतो."

"कापतो," ती म्हणाली. "गेल्या रविवारी कापला."

मी तिचा हात पाहिला. अंगठ्याजवळ कानशीचे ओरखडे होते.

"घराचा हप्ता किती बसतो?"

"एकोणीस हजार. अजून सहा वर्षं."

"आणि चाचा काय देतील?"

"चहा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. ती जरा जास्तच.