चिठ्ठी कोणी वाचायची?

व्यसनाच्या उपचारांची नोंद इतर आजारांच्या नोंदीहून नाजूक असते. मधुमेहाची चिठ्ठी शेजाऱ्याच्या हाती पडली तर तो गोड बंद करायला सांगतो. दारू सोडवण्याची चिठ्ठी दिसली तर ठरत आलेली सोयरीक मोडते.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे कलम 23मधला गोपनीयतेचा हक्क या रुग्णांनाही आहे. उपचार करणाऱ्याने माहिती बाहेर फोडायची नाही. अपवाद मोजके, जसे इतर उपचारकांना लागणारी माहिती, कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. कलम 24नुसार संमतीशिवाय रुग्णाचे छायाचित्र वा माहिती माध्यमांना देता येत नाही. संगणकातल्या नोंदीही यात आल्या. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात रुग्णांना रांगेत बसवून फोटो काढणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

कायदा असा असला तरी लहान गावातले वास्तव वेगळे. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे परंपरागत दगडफेकीला, दोन्ही काठ समोरासमोर उभे ठाकतात. एरवी बाजार एकच, माणसे ओळखीची. अशा ठिकाणी गुपित फुटते ते बहुधा कपाटातल्या फायलीतून नव्हे. टेबलावर उघडे पडलेले रजिस्टर, रांगेत मोठ्याने पुकारलेले नाव आणि औषध दुकानातली चिठ्ठी यांतून ते फुटते. चिठ्ठीवर डायसल्फिरम दिसले की दुकानदाराला निदान विचारावे लागत नाही. हे औषध दारू सोडवण्यासाठीच दिले जाते. म्हणून ज्याला परवडते तो नागपूर गाठतो. ज्याला परवडत नाही तो उपचारच टाळतो, आणि गोपनीयतेचा खरा तोटा इथे होतो.

गांजा किंवा हेरॉइनच्या बाबतीत पोलिसांचीही भीती असते. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 64अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ती काढून घेता येते. म्हणजे सवलत हवी तर नोंद दाखवावी लागणार. ती न्यायालयापुरतीच राहावी, ठाण्यातून चौकात जाऊ नये. अमेरिकेने 1970च्या दशकातच अशा नोंदींसाठी वेगळे कडक नियम केले, कारण पकडले जाण्याच्या धाकाने रुग्ण दवाखान्यात येईनात.

आपल्याबद्दल काय लिहिले आहे, हे रुग्णाला पाहता येते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 25 तो हक्क देते. तो मागून घ्यावा.