दोघांची मीटिंग

कृष्णाकाठच्या एका गावात एक गवंडी होता. त्यानं बांधलेली भिंत तपासायला दुसऱ्यानं ओळंबा लावायची गरज पडत नसे. पुढं त्याला दारू लागली. आधी शनिवारी पगार झाल्यावर, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी उठल्या उठल्या. ओळंबा धरला की दोरी थरथरायची आणि खालचा गोळा जागेवर थांबायचा नाही. देशीची क्वार्टर पोटात गेली की मगच हात स्थिर व्हायचा.

सोडायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. एका आषाढीला तुळशीची माळ घातली, ती आठ दिवसांत खुंटीला लागली. शपथ घेताना त्याचा शब्द खरा होता, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि आजार शपथेनं बरा होत नाही, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा त्यानं स्वतःच्या मनानं दारू एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले आणि रात्री फिट आली. गावच्या आशा कार्यकर्तीनं धावाधाव करून ग्रामीण रुग्णालयात नेलं. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं, हे तेव्हा घरच्यांना कळलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘‘अंगातली दारू औषधानं उतरली. आता तुला माणसं लागतील. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जा.’’

बाजाराच्या गावात, अर्ध्या तासावर मीटिंग होती. तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून गवंडी दोन एसट्या बदलून जिल्ह्याच्या गावी गेला. पिताना त्याला सगळ्या गावानं पाहिलं होतं. सोडताना मात्र कुणी पाहू नये असं त्याला वाटत होतं.

शाळेच्या एका वर्गात दहाबारा माणसं बसली होती. फी नव्हती, हजेरीपट नव्हता, आडनावही कुणी विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणायचा आणि आपल्यावर काय गुदरलं ते बोलायचा. मध्ये कुणी तोंड घालत नव्हतं. चौथा माणूस बोलायला उठला आणि गवंड्यानं खुर्ची घट्ट धरली. ज्यांनी त्याला चौथीपर्यंत शिकवलं, ते गुरुजी समोर उभे होते.

‘‘गुरुजी, तुम्ही हितं?’’ मीटिंग संपल्यावर त्यानं विचारलं.

‘‘तू ज्यासाठी लांब आलास, त्यासाठीच मीही येतो. अकरा वर्षं झाली.’’

परतीच्या एसटीत गुरुजींनी त्याला १९३५ सालची हकिगत सांगितली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस शेअर बाजारात काम करायचा. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला आणि काम फसलं. हॉटेलात एकटा पडला. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. आता आपण पिणार हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो फोनकडे वळला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवून आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधू लागला. त्याला सापडले डॉक्टर बॉब स्मिथ, सर्जन. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही म्हणाले आणि सहा तास बसले, कारण बिलनं उपदेशाचा एक शब्द काढला नाही, स्वतःचीच कर्मकहाणी सांगितली. त्या वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना तोच दिवस आपला जन्मदिवस मानते.

‘‘बिल डॉक्टरला वाचवायला गेला नव्हता,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘स्वतः वाचायला गेला होता. तू आज आलास म्हणून माझाही आजचा दिवस निघाला.’’

गवंड्याला ते तेव्हा समजलं नाही. गावच्या यात्रेत तो घसरला. तीन आठवडे तोंड चुकवून पुन्हा वर्गात गेला, तेव्हा किती प्यालास हे कुणी विचारलं नाही. कधीपासून बंद, एवढंच विचारलं. ‘‘आज सकाळपासून,’’ तो म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फार मोलाच्या वाटतात. पडलेल्या माणसाला त्याच्या सकाळपासूनच्या हिशेबासाठी इतका मान दुसरीकडे कुठं मिळतो?

पावसाळ्यात गुरुजींचे गुडघे धरले आणि त्यांचा प्रवास थांबला. गवंडी भेटायला गेला तर ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. ‘‘मीटिंग चुकली की संध्याकाळ खायला उठते,’’ ते म्हणाले.

‘‘मग आपल्याच शाळेत घेऊ.’’

गुरुजी गप्प झाले. ज्या शाळेत उभा जन्म गेला, तिथं आपलं हे कळणं त्यांना जड जात होतं. गवंडी म्हणाला, ‘‘तुमचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. खोली माझ्या नावानं मागतो. मला गावात लपवण्यासारखं काही राहिलं नाही.’’

मंगळवारी सातला वर्ग उघडला आणि गुरुजी काठी टेकत आले. दोघंच होते. दारूपासून लांब राहायला दोन जण एकत्र बसले तरी मीटिंग होते. आधी गवंडी बोलला, मग गुरुजी. असे सहा मंगळवार गेले, तिसरं कुणी फिरकलं नाही. अ‍ॅक्रनच्या त्या दोघांनीही वाट पाहिली नव्हती. ते इस्पितळात गेले होते आणि तिथं त्यांना एक पिणारा वकील सापडला होता. हे आठवून गुरुजींनी रिक्षा बोलवायला सांगितली.

ग्रामीण रुग्णालयात एक ट्रॅक्टरवाला सलाइन लावून पडला होता. डॉक्टरांनी त्याला विचारूनच या दोघांना आत सोडलं. तरीही त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ‘‘उपदेश करायला आलाय?’’

‘‘नाही,’’ गवंड्यानं गुरुजींना स्टूल दिलं आणि स्वतः खाटेच्या कडेला टेकला. ‘‘माझं सांगायला आलोय. मला सांगावं लागतं, नाहीतर मी पितो.’’