उचललेला दगड

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात, अशी आपली एक समजूत असते. सुटीच्या दिवसांत, समुद्रकांठीं, मुलांबाळांच्या सहवासांत धर्माधर्मविचारास थोडी रजा देण्यास हरकत नाहीं, असें आपण मानतों. माझी ही समजूत गेल्या मार्च महिन्यांत सुपारीएवढ्या एका काळ्या दगडानें घालविली. ती हकीकत सांगून तीवरून सुचलेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवावे असें योजिलें आहे.

माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियांत असतो. तेथील शाळांस वसंताच्या आरंभीं आठवडाभर सुटी मिळते. मी त्या वेळीं रजा घेऊन त्याच्याकडे गेलों होतों. तेव्हां भाऊ, भावजय, दहा वर्षांचा पुतण्या व मी असे चौघे हवाई बेटावर गेलों. हवाई द्वीपसमूहांतील हें सर्वांत मोठें बेट सर्वस्वीं ज्वालामुखींनीं घडविलेलें आहे. त्यावरील मौना केआ पर्वताची उंची समुद्रतळावरील पायथ्यापासून मोजली तर ती एव्हरेस्टहूनही अधिक भरते. आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर कोना येथें होता, आणि किलाउएआ हा जागता ज्वालामुखी तेथून सुमारें दीडशें किलोमीटरांवर. त्याच्या सभोंवारचें राष्ट्रीय उद्यान १९१६ पासूनचें आहे.

त्या उद्यानांत किलाउएआ इकी नांवाचें एक विवर आहे. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत तेथें लाव्ह्याचीं कारंजीं सुमारें १९०० फूट उंच उडालीं, व विवराच्या तळाशीं तप्त रसाचें सरोवर झालें. आज त्या थिजलेल्या सरोवरावरून माणसें चालत पलीकडे जातात. भेगांतून वाफ निघत असते, आणि अशाच भेगांतून ओहिआ वृक्षाचीं रोपें लाल फुलें घेऊन वर आलेलीं असतात. पुण्याकडील मनुष्यास हा काळा खडक अगदींच परका वाटत नाहीं. कारण आपलें दख्खनचें पठारही अशाच लाव्ह्याच्या थरांचें आहे. फरक वयाचा. आपला खडक सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा, आणि तो माझ्याहून दहाबारा वर्षांनींच वडील.

त्याच रात्रीं कोना येथें जेवण झाल्यावर पुतण्यानें खिशांतून एक खडा काढून मेजावर ठेविला आणि विचारलें, “काका, पेलेदेवी खरोखरच शाप देते का?”

पेले ही ज्वालामुखीची देवता. तिच्या भूमीवरचा दगड जो नेईल त्याच्यामागें संकटें लागतात, अशी एक गोष्ट त्या बेटावर प्रसिद्ध आहे. मुलानें ती त्याच दिवशीं आपल्यासारख्याच एका पाहुण्या मुलाकडून ऐकली होती. या गोष्टीच्या धाकानें दूरदूरचे प्रवासी घरीं नेलेले दगड टपालानें उद्यानाकडे परत धाडतात. सोबत क्षमायाचनेचीं पत्रेंही असतात.

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांस विचार करावयास शिकविणारा मनुष्य. मुलाच्या मनांतील भय काढणें हें माझें पहिलें कर्तव्य मला वाटलें. मीं त्यास सांगितलें कीं हा शाप प्राचीन नव्हे. तो विसाव्या शतकांत प्रवाशांमध्यें रूढ झाला. १८२४ मध्यें कापिओलानी नांवाच्या एका थोर कुळांतील स्त्रीनें, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, याच किलाउएआच्या विवरांत उतरून, देवीस न अर्पितां तेथील ओहेलोचीं फळें खाल्लीं आणि ती सुखरूप वर आली. पुढें टेनिसननें तिच्यावर कविताही लिहिली. मुलाचा चेहरा उजळला. “म्हणजे दगड ठेवूं ना?” असें तो म्हणाला.

येथें मी गोंधळलों. भयाबरोबर दगड परत करण्याचें कारणही मीं त्याच्या मनांतून काढून टाकिलें होतें. अंधश्रद्धा घालविणें सोपें. पण तिनें अडविलेली जागा कशानें भरावयाची, हें ठरविल्याशिवाय ती घालविणारा मनुष्य अर्धेंच काम करून उठतो.

भाऊ म्हणाला, “दादा, एवढ्याशा खड्यासाठीं जातां-येतां तीनशें किलोमीटर? उद्यां समुद्रावर जायचें ठरलें आहे.” आणि त्याचा युक्तिवाद लंगडा नव्हता. २०१८ सालीं मे ते ऑगस्टपर्यंत याच किलाउएआनें सातशेंहून अधिक घरें गिळलीं, आणि समुद्र हटवून शेंकडों एकर नवी जमीन केली. एवढें देणाऱ्या-घेणाऱ्या पर्वतास एका खड्याची काय क्षति?

मीं उद्यानाचा कायदा सांगितला. तेथील दगड नेण्यास मनाई आहे. मग कांटचा मार्ग धरिला. येणाऱ्या प्रत्येकानें एकेक खडा नेला तर काय होईल, याचा विचार कर, असें मीं म्हटलें. मुलानें तो शांतपणें केला आणि विचारलें, “काका, तुमच्या मेजावरचा रायगडचा दगड तुम्ही कोणाला विचारून आणला होता?”

वाचकहो, या प्रश्नाचें उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. मी विद्यार्थी असतांना महाविद्यालयाच्या सहलीबरोबर रायगडावर गेलों होतों. तेथें बाजारपेठेच्या जोत्यांपाशीं पडलेली एक काळी कपची उचलून मीं खिशांत टाकिली. आज पस्तीसांहून अधिक वर्षें ती माझ्या मेजावर आहे. घरीं आलेल्या पाहुण्यांस मी ती अभिमानानें दाखवितों. पुतण्यानेंही ती हातांत घेऊन पाहिली होती. मीं म्हटलें, “ती मीं भक्तीनें आणिली.” तो म्हणाला, “मलाही हा आवडला म्हणूनच मीं घेतला.”

भक्ति आणि आवड यांत अंतर आहे खरें. पण मागितल्याशिवाय घेण्याचा अधिकार दोहोंपैकीं एकीनेंही मिळत नाहीं. ‘आपलें’ या शब्दांत फार मोठी लबाडी लपलेली असते. ज्यावर आपलें प्रेम, तें आपलें. आणि जें आपलें, तें घेतलें तर चोरी कसली! महाभारताच्या शांतिपर्वांत शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. लिखितानें शंखाच्या आश्रमांतील फळें न विचारतां खाल्लीं. बाग सख्ख्या वडील भावाची, फळें पिकलेलीं, आणि नुकसान म्हणावें तर कांहींच नाहीं. तरी शंखानें त्यास सुद्युम्न राजाकडे जाऊन दंड मागावयास सांगितलें, व राजानें त्याचे हात तोडविले. पुढें बाहुदा नदींत स्नान करितांच ते पुन्हां उगवले. हा दंड मला पूर्वीं अमानुष वाटे. कोना येथील त्या रात्रीं कथेचा रोंख उमगला. चोरीचें माप धन्याच्या नुकसानीनें घ्यावयाचें नसतें. घेणाऱ्याच्या हातास कोणती संवय जडते, यावरून घ्यावयाचें असतें. म्हणून कथेंत हात जातात, आणि शुद्धीनंतर हातच परत येतात.

मग मनांत आलें, आम्ही ज्या बेटावर सुखानें उतरलों आहों तें तरी कसें आलें? १७ जानेवारी १८९३ रोजीं हवाईच्या राणी लिलिउओकालानी यांची सत्ता तेथील परकीय वंशाच्या मंडळींनीं, अमेरिकेच्या युद्धनौकेवरील सैन्याच्या पाठबळावर, उलथून टाकिली. १८९८ मध्यें अमेरिकेनें तीं बेटें आपल्या मुलुखास जोडून घेतलीं, व १९५९ मध्यें त्यांचें एक राज्य केलें. १९९३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून या कृत्याबद्दल क्षमा मागितली. राज्याची व राजघराण्याची १८ लक्ष एकर जमीन मूळ रहिवाशांच्या संमतीवांचून व मोबदल्यावांचून गेली, हेंही त्या ठरावांत लिहिलेलें आहे. ती परत करण्याची गोष्ट मात्र त्यांत नाहीं.

एकीकडे वस्तु ठेवून घेऊन क्षमा मागणारें राष्ट्र. दुसरीकडे शापाच्या भयानें वस्तु परत धाडणारे प्रवासी. पहिल्याच्या क्षमेंत परतफेड नाहीं. दुसऱ्यांच्या परतफेडींत धाकच अधिक आहे. खरी परतफेड या दोहोंच्या संयोगानें होते, आणि ती वेळेवर व्हावी लागते. टपालानें आलेला दगड कोणत्या भेगेंतला, हें कोण सांगणार? उशीर केला म्हणजे वस्तु परत जाते, पण तिची जागा तिला परत मिळत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं समुद्रावर जाण्याचा बेत रहित झाला. भाऊ वाटेंत फारसें बोलला नाहीं. मुलास मात्र जागा बरोबर आठवत होती. एका ओहिआच्या रोपाशेजारीं त्यानें खडा ठेविला, घडीभर पाहिलें, आणि तो हात झटकून पुढें धांवत गेला. त्याचा व्यवहार चोवीस तासांच्या आंत पुरा झाला.

माझा अजून झालेला नाहीं. दर रविवारीं दूरध्वनीवर तो विचारतो, “काका, ठेवलात का?” प्रथम मीं उन्हाळ्याची सबब सांगितली, मग पावसाची. गडावर आतां रोपवे आहे, तेव्हां गुडघ्यांची सबबही त्याच्यापुढें टिकली नाहीं. खरें कारण निराळें आहे. कोणत्या जोत्यापासून ती कपची उचलली, हें मला आठवत नाहीं. आणि ती परत ठेवतांना, इतकीं वर्षें भक्तीच्या नांवाखालीं मीं जें जपलें तें काय होतें, हें मला स्वतःशीं कबूल करावें लागणार आहे. दिवाळींत भाऊ सहकुटुंब येत आहे. तेव्हां गडावर जाण्याचें ठरलें आहे. जागा चुकली तरी चालेल, निदान गड तरी तोच असेल, असें मुलाचें मत पडलें. त्याहून चांगला तोडगा मला सुचलेला नाहीं.