परत जा तिच्याकडे

बोनकोडे, कोपरखैरणे

लाडके बाय,

तुझं पार्सल आज कुरियरला दिलं. आत भाजलेला जवळा आहे. डबा घट्ट लावून ठेव हो. खोलीतल्या मुलीला वास सोसत नसेल, तर आधी तिला विचार आणि मगच उघड. इकडे सगळे बरे आहेत. वरच्या खोलीत बिहारकडचे नवे भाडेकरू आलेत. त्यांची बाळंतीण दिवसभर एकटीच असते, म्हणून तुझी आई सकाळी तिला पेज देऊन येते. भाषा दोघींना एकमेकींची येत नाही, पण अर्धा अर्धा तास बसतात.

बाय, तुझ्या पत्रातलं एक मात्र मनातून जात नाही. ऑफिसातली ती मुलगी जिन्यात रडत होती, आणि काय बोलावं सुचेना म्हणून तू न पाहिल्यासारखं करून पुढे गेलीस. तू निष्ठुर नाहीस ग. घाबरलीस. निष्ठुर असतीस तर मला लिहिलंच नसतंस.

बाबा आमट्यांचं तुला ठाऊक आहे ना? वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहिला. गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटलं होतं. असा माणूस एका पावसाळी रात्री गटाराकडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून पळाला! महारोगानं त्याची बोटं झडली होती, अंगात किडे पडले होते. बाबा घरी पोचले, पण ती भीती त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभा केला आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. १९४९ ची महारोगी सेवा समिती आणि पुढचं आनंदवन त्यातूनच उभं राहिलं. लोक आनंदवनाचं कौतुक करतात, ते करावंच. मला मात्र त्यांचं त्या रात्रीचं माघारी वळणं फार मोठं वाटतं. पहिल्यांदा पाय मागे येतात, ते कुणाच्याच हातात नसतं.

आणि बोलायला सुचलंच पाहिजे असंही नाही. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, मग गावोगावच्या भातजमिनी गेल्या, त्यात आपलीही गेली. आजोबा तेव्हा घरात कुणाशी बोलेनासे झाले. शेजारची काकी रोज दुपारी येऊन तुझ्या आजीजवळ बसायची. जमिनीचं नाव काढायची नाही. दोघी तांदूळ निवडायच्या. मोबदला किती मिळाला ते आजी पुढे विसरली, काकीचं येणं शेवटपर्यंत सांगत होती.

तर उद्या त्या मुलीजवळ जाऊन बस. चहाला चल म्हण. काय झालं, कोण काय बोललं, असं खोदून विचारू नकोस. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक, लगेच शहाणपण सांगू नकोस. फारच जड काही निघालं, तर एकटीनं ओझं घेऊ नकोस, मला फोन कर. ऑफिसात मात्र दुसऱ्या कुणापाशी यातलं अक्षर काढू नकोस, बाय. माझ्यापाशी बोललीस तेवढं पुरे.

तुझी,
आत्या